तीन आठवड्यांच्या पुड्या

थोरल्या मुलाच्या लग्नाचं बोलायला हर्षे मंडळी रविवारी दुपारी चारला येणार हे नक्की झालं, तेव्हा शनिवारी रघुनाथराव खांबेट्यांनी आपल्या मुलीला, कालिंदीला, समोरच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटून बोलण्याची त्या घराला गेल्या जूनपासून सवयच लागली होती. जूनमध्ये तिच्या थोरल्या भावाच्या, विनायकच्या, रुमालावर रक्त दिसलं. त्यानंतर तीन महिने तो सॅनेटोरियममध्ये होता, आणि परत आल्यापासून मागच्या खोलीत. कलकत्त्यातल्या मराठी मंडळींना खांबेट्यांनी एवढंच सांगितलं होतं, की थोरल्याला विषमज्वर झाला आणि मग हवापालटाला पाठवलं. क्षय हा शब्द घरातही कुणी उच्चारत नसे. आई ‘ते दुखणं’ म्हणे. बाबा काहीच म्हणत नसत.

बाबांनी सांगितलं ते असं. कंपाउंडर नंदीबाबू रोज सकाळी बेहालाहून सुई टोचायला येतात हे गल्लीला दिसतं. उद्या हर्ष्यांच्या कानावर ते आलेलं असेल, तर ते विचारणार. विचारलं तर ती शक्तीची इंजेक्शनं आहेत, असं कालिंदीने सांगायचं. बाबांनी सांगितलं तर बापाचं बोलणं वाटेल. ती विद्यापीठात औषधांचंच शिकते, तिचा शब्द कुणी खोडणार नाही.

कालिंदी ऐकत उभी राहिली. याच खोलीत, दीड वर्षापूर्वी, बी.एस्‌सी.चा निकाल हातात घेऊन तिने एम.एस्‌सी.ला जायचं म्हटलं होतं. तेव्हा दिनकरकाका हावड्याहून मुद्दाम आले होते आणि मुलीच्या जातीने बाटल्या हलवून कुणाचं भलं होणार, असं चहा पिता पिता विचारून गेले होते. बाबांनी नाही म्हटलं नाही, हो म्हणायलाही पंधरा दिवस घेतले. सायन्स कॉलेजात औषधी रसायनाच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. ती तिथे काय शिकते, हे तिला घरात आजवर कुणीही विचारलेलं नव्हतं. आज पहिल्यांदा विषय निघाला होता, तो तिच्या शिक्षणाचा शिक्का एका खोट्यावर मारून हवा होता म्हणून.

“मी असं सांगणार नाही,” ती म्हणाली. “कुणी मला विचारलं नाही, तर मी आपणहून काही बोलणार नाही. याच्यापुढे माझ्याकडून काही होणार नाही, बाबा.”

रघुनाथराव बंदर खात्यात इंजिनिअर होते. हाताखालच्या माणसांनी अर्धवट हो म्हटलं की पुरेसं समजून पुढे जायचं, ही त्यांची रीत होती. ते पुढच्या गोष्टीकडे वळले. सोमवारपासून औषधं बंदच करायची आहेत, तेव्हा हा प्रश्न उद्यापुरताच आहे. फोटोत छाती साफ दिसते आहे, विनायकचं वजन अकरा पौंडांनी वाढलं आहे. डॉक्टरांनी वर्षभर सांगितलं होतं आणि झाले होते पाच महिने, हे कालिंदीने म्हटल्यावर ते म्हणाले, डॉक्टर सांगतातच.

एरवी तिने हे उत्तर सोडून दिलं नसतं. पण तिच्या खांद्याच्या पिशवीत त्या वेळी एक छोटी बाटली होती आणि तिचं निम्मं लक्ष त्या बाटलीत होतं.

झालं होतं असं, की तिला गुरुवारपासून संशय येत होता. गुरुवारी सरस्वतीपूजा होती. खालच्या बंगाली बिऱ्हाडातून खिचुडी आणि वांग्याचे काप आले आणि विनायक दोनदा मागून जेवला. आईचे डोळे भरून आले. कालिंदीला मात्र ते पाहून धस्स झालं. विनायकला दोन औषधं होती. एक स्ट्रेप्टोमायसिनची सुई, ती नंदीबाबू टोचत. दुसरी पी.ए.एस.ची पांढरी पूड, दिवसाला बारा ग्रॅम, म्हणजे तीन-तीन ग्रॅमच्या चार पुड्या पाण्यात घोळवून. ही पूड पोटात गेली की माणसाला अन्नाचा वास सहन होत नाही. सप्टेंबरपासून विनायक पानावरून उठून जात होता. आणि आता तो दोनदा मागून खात होता.

शुक्रवारी तिने सरांना विचारलं, रोगी पी.ए.एस. घेतो की नाही हे कसं कळावं. सर स्वतः एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जात. ते म्हणाले, अगदी सोपं आहे. फेरिक क्लोराइडचे चार थेंब त्याच्या लघवीत टाका. औषध पोटात गेलेलं असेल तर रंग जांभळा होतो. मग ते चष्मा पुसत म्हणाले, रोगी औषध घेतो म्हणतो ते खरं का, हे पाहायलाच ही तपासणी सगळ्यात जास्त लागते. फेरिक क्लोराइडची ती बाटली शनिवारी तिने मागून आणली होती.

रविवारी सकाळी नंदीबाबू येऊन गेल्यावर तिने विनायककडून डॉक्टरांचं नाव सांगून नमुना घेतला आणि न्हाणीघरात कडी लावली. चार थेंब टाकले. नळी हलवली. पाणी गढूळ झालं, पिवळट झालं आणि पिवळटच राहिलं. तिने आणखी चार थेंब टाकले. प्रयोगशाळेत रंग आला नाही तर ती पहिली चूक आपल्या हाताची धरत असे. इथे तिला स्वतःचीच चूक निघावी असं फार वाटत होतं. पण बाटली ताजी होती, काल तिने ती सॅलिसिलिक आम्लावर तपासून पाहिली होती आणि नळी एका क्षणात जांभळी झाली होती.

ती सरळ मागच्या खोलीत गेली. विनायक आरशासमोर दाढी करत होता. त्याने नाकारलं नाही. तीन आठवडे झाले, म्हणाला. तीन आठवडे त्याने एकही पुडी घेतली नव्हती.

“तू एक दिवस घेऊन बघ,” तो म्हणाला. “फक्त एक दिवस. तोंडात चव नाही, पोटात सारखं ढवळतंय, जेवणाची वेळ आली की घाम फुटतो. सुई चालू आहे ना? ते खरं औषध. पूड आपली जोडीला दिलेली.”

इथे कालिंदीचा आवाज पहिल्यांदा चढला. जोडीला दिलेली कशासाठी, हे तिने त्याला उभ्या उभ्या सांगितलं. छातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांत थोडे पहिल्यापासूनच असे असतात, की स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचं काही बिघडत नाही. नुसती सुई दिली की बाकीचे मरतात, फोटो साफ दिसतो, वजन वाढतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे थोडे वाढत राहतात. मग एके दिवशी सगळेच तसे होतात आणि जगातलं ते औषध त्या माणसापुरतं पाणी होऊन जातं. पुडीचं काम त्या थोड्यांना मारायचं. पुडीतलं द्रव्य जंतूला आपल्या रोजच्या खाद्यासारखं दिसतं, तो ते घेतो आणि तिथेच अडकतो. दोन्ही औषधं बरोबर असतील तरच दोन्हींना अर्थ आहे. दोन्ही सोडली असती तरी एक वेळ चाललं असतं. त्याने जी सोडली ती नेमकी सोडायची नव्हती.

विनायकच्या एका गालावर साबण वाळत चालला होता.

“मला या घरातून बाहेर पडायचंय, कालिंदी,” तो म्हणाला. “आठ महिने मी एक गुपित होऊन राहिलोय. लीनाला मी दोनदा भेटलोय, मंडळाच्या कार्यक्रमात. ती माझ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलते.”

“मग तिला सांग.”

“सांगितल्यावर बोलेल?”

कालिंदीने दुसरंच विचारलं, पुड्या कुठे टाकत होतास. त्याने खिडकीकडे पाहिलं आणि मीच टाकत होतो, एवढंच म्हणाला. दारात आई उभी होती. तिच्या हातात इस्त्री केलेला सदरा होता. ती सदरा खुर्चीवर ठेवून निघून गेली.

दिनकरकाका बारा वाजता हावड्याहून आले. ते बँकेत अधिकारी होते, बोलणं गोड होतं आणि घरातली लग्नं जमवण्याचा मान त्यांच्याकडे होता. हे स्थळही त्यांनीच आणलेलं. हर्षे केंद्र सरकारचे वरिष्ठ अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले, एकुलती मुलगी. जेवणं झाल्यावर कालिंदीने चौघांसमोर पुड्यांचं आणि त्या थोड्या वेगळ्या जंतूंचं सांगितलं आणि आजचं बोलावणं पुढे ढकला म्हणाली. थुंकी तपासायला द्यावी, औषध पुरं होऊ द्यावं, आणि तेव्हाही हर्ष्यांना खरं सांगूनच पुढे जावं.

बाबांचा चेहरा विनायककडे वळला तेव्हा क्षणभर त्यांच्यावर तिच्या बोलण्याचा परिणाम झाल्यासारखा वाटला. पण काका हसले. चार पुस्तकं वाचली की घरच्यांच्याच तपासण्या सुरू होतात, म्हणाले. भावाची लघवी न्हाणीघरात तपासणारी मुलगी त्यांनी आजवर पाहिली नव्हती, आणि ही गोष्ट बाहेर कळली तर विनायकआधी हिचंच लग्न अडेल. बाबांनी मान खाली घातली. विनायकला विचारलं, तुझं काय म्हणणं. तो म्हणाला, ते येऊन जाऊ देत, उद्यापासून मी पुड्या घेतो. आई म्हणाली, आज नको, कालिंदी. आजचा दिवस जाऊ दे.

कालिंदीला काकांचा राग आला त्याहून जास्त त्या ‘आज नको’चा आला. कॉलेजच्या वेळी हीच आई तिच्या बाजूने उभी होती. पंधरा दिवस बाबांच्या मागे लागून तिनेच हो मिळवलं होतं. आता तिने डोळे वर करून लेकीकडे पाहिलंही नाही.

चार वाजता हर्षे आले. श्यामकांत हर्षे उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई खोलीतल्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवून बसल्या. लीना फिक्या हिरव्या पातळात होती आणि दाखवायला आणलेल्या मुलीसारखी खाली मान घालून बसली नव्हती. मुलीकडच्यांनी मुलाकडे यायचं हे रीतीला सोडूनच होतं, पण मुलगा आजारातून उठलाय, त्याला दगदग नको, असं सांगून काकांनी ते जमवलं होतं.

विनायक आतून आला. लीनाला नमस्कार करून बाजूच्या खुर्चीकडे वळताना त्याचा तोल गेला आणि त्याने दाराची चौकट धरली. सुईने त्याला चक्कर येत असे. तो लगेच सावरला. बाबा काहीतरी बोलतच होते. पण लीनाने ते पाहिलं, हे कालिंदीने पाहिलं.

पोहे झाले, चहा आला. हर्ष्यांनी विनायकच्या आजाराची चौकशी केली आणि काकांनी विषमज्वराचं सगळं रीतसर सांगितलं, किती दिवस ताप होता इथपर्यंत. मग हर्ष्यांनी कालिंदीला विचारलं, तुम्ही काय शिकता. काही तरी विचारायचं म्हणून विचारल्यासारखं ते नव्हतं. औषध शरीरात नेमकं काय करतं ते शिकते, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणजे कसं ते सांगा म्हणाले. तिने सल्फाच्या गोळीचं सांगितलं. जंतूला वाढायला एक द्रव्य लागतं, गोळीतला रेणू त्याच्यासारखाच बनवलेला असतो, जंतू फसतो आणि खऱ्याची जागा खोट्याने अडते. हर्षे मन लावून ऐकत होते. तिच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत बसून तिचं हे कुणी ऐकून घेण्याची ती पहिली वेळ होती, आणि तो माणूस इथे फसवायला बोलावलेला होता.

काकांना ही संधी सोडवली नाही. ते पुढे झुकून म्हणाले, “तेच म्हणतो मी. घरातच अशी जाणती मुलगी आहे. विनायकचं सगळं हिच्या देखरेखीखाली झालंय. हल्ली शक्तीची इंजेक्शनं देतात ना, ती हिच्याच सांगण्यावरून. आता काळजीचं काही नाही, असं हिनेच आम्हाला सांगितलंय.”

कालिंदीच्या हातात पोह्यांची रिकामी बशी होती. ती तिने तिपाईवर ठेवली.

“मी असं काही सांगितलेलं नाही,” ती म्हणाली.

काका हसायला लागले, ते तिने होऊ दिलं नाही. तिने हर्ष्यांकडेच पाहत सांगितलं, की कालपासून तिला हे बोलायला लावण्याचा प्रयत्न चाललाय आणि तिने नकार दिलाय. आजार तिच्या भावाचा आहे, त्याच्याबद्दल बोलण्याचा हक्कही त्याचा आहे. पण जे शिकायला ती रोज ट्रामने राजाबाजारच्या कॉलेजात जाते, त्याचं नाव घेऊन कुणी खोटं बोललेलं तिला चालणार नाही. तिच्या आवाजात कापरं होतं आणि त्याची तिला चीडच आली.

बाबा उभे राहिले. कालिंदी, आत जा, म्हणाले. ती जागची हलली नाही.

“तिला थांबू द्या, बाबा,” विनायक म्हणाला. तो लीनाशी बोलला, वडीलधाऱ्यांशी नाही. “मला विषमज्वर झाला नव्हता. क्षय आहे. होता म्हणणार होतो, पण आज सकाळी कळलं की तसं म्हणता येत नाही. मघाशी चौकट धरली ती त्या सुईमुळे.”

प्रेमलताबाईंनी कप बशीत ठेवला आणि पदराने बोटं पुसली. लीनाचा चहा अर्धा राहिला होता, तो तिने सावकाश संपवला, आणि मगच उठली. हर्षे जाताना रघुनाथरावांसमोर थांबले. माझा धाकटा भाऊ याच दुखण्याने गेला, म्हणाले, तेव्हा ही औषधं निघालेली नव्हती. तुमच्या घरात औषध आहे, ते शिकलेली मुलगी आहे, आणि तुम्ही मला विषमज्वर सांगता. जिना उतरताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. लीनाने मात्र पाहिलं.

नंतरचा तास कालिंदीला पुढेही नीट आठवत असे. काकांनी आवाज न चढवता तिला सोमवारपासून घरी बसवायची सूचना केली. मराठी मंडळी बोटावर मोजण्याएवढी, उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, आता या घरात कोण मुलगी देणार आणि या घरातली मुलगी कोण करणार. बाबांनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते तिच्याशी बोलायचे थांबले. कालिंदी सोमवारी सकाळी नेहमीच्या ट्रामने कॉलेजला गेली, तिला कुणी अडवलं नाही. तिच्या पिशवीत विनायकच्या थुंकीची काचेची बाटली होती, ती तिने वाटेत इस्पितळात दिली. डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं ऐकून टेबलावर पेन आपटलं. जंतू वाढवून त्यांच्यावर औषध चालतं की नाही पाहायला सहा ते आठ आठवडे लागतील, म्हणाले. आणि वर्ष आता आजपासून मोजायचं.

त्या आठवड्यांत विनायक दिवसातून चार वेळा पुडी घेई आणि दोनदा तरी ओकायला जाई. कालिंदी त्याच्यापाशी बसे. त्याच्याशी तिचं पटत होतं असं नाही. कधी तो म्हणे, तू दोन मिनिटं थांबायचं होतंस, मी बोलणारच होतो. तिला ते खरं वाटत नसे आणि खोटंही म्हणवत नसे. हर्ष्यांकडून काही आलं नाही.

मार्चच्या शेवटी, एका रविवारी, बाबा इस्पितळातून कागद घेऊन आले. काका त्या दिवशी आलेलेच होते. बाबांनी कागद उघडला, दोनदा वाचला आणि जवळजवळ दोन महिन्यांनी प्रथमच कालिंदीसमोर धरला. वाच, म्हणाले, मला यातलं कळत नाही. तिने उभ्यानेच वाचलं. जंतू उगवले होते, पण स्ट्रेप्टोमायसिनने अजून मरत होते. तिने ते मोठ्याने सांगितलं. विनायकने भिंतीला डोकं टेकलं.

“बघा,” दिनकरकाका म्हणाले, “काही झालंच नाही. तीन आठवडे सोडूनही काही झालं नाही. एवढ्यासाठी हिने सोन्यासारखं स्थळ घालवलं.”

नशिबाने वाचल्याचा दाखला हा माणूस आपल्या शहाणपणाचा म्हणून मिरवत होता. कालिंदीने तोंड उघडलं, पण त्याआधी आई बोलली. शारदाबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “विनायकने पुड्या टाकल्या नव्हत्या. मी टाकल्या. त्याच्याने खाववत नव्हतं, मला बघवत नव्हतं. चौऱ्याऐंशी पुड्या मी या हातांनी मोरीत ओतल्या आणि वर नळ सोडला. माझं पोर मी मारत होते आणि तो चार घास जास्त जेवतो म्हणून देवाला हात जोडत होते. हिने ते काढलं म्हणून तो आज इथे बसलाय. पुन्हा त्या स्थळाबद्दल हिला काही बोलायचं असेल, तर आधी मला बोला.”

काकांनी थोडा वेळ छत्रीची मूठ फिरवली आणि हावड्याची बस आता मिळेल असं म्हणत ते उठले. त्यांना आज कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही.

कालिंदी आईकडे पाहत राहिली. तिचा राग कमी झाला नव्हता. उलट आता त्यात आईचाही वाटा धरावा लागत होता. दोन महिने ही बाई सगळं माहीत असून गप्प बसली होती आणि लेकीला एकटीला बोलणी खाऊ दिली होती. एवढं होऊनही आईच्या तांदळात खुपसलेल्या हातांकडे तिला पाहवेना.

रघुनाथराव कागद घेऊन टेबलाशी बसले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा लावला, समोरची खुर्ची पायाने मागे सारली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले, “त्या दिवशी तू म्हणालीस, सगळ्या जंतूंत थोडे पहिल्यापासूनच वेगळे असतात. ते वेगळे का असतात? आणि पुडी त्यांनाच कशी धरते? मला नीट सांग. मी तेव्हा ऐकलं नाही.”

आता सांगत नाही, असं म्हणावं असं तिला फार वाटलं. दीड वर्षं तिने या प्रश्नाची वाट पाहिली होती आणि तो यायला एवढं सगळं व्हावं लागलं होतं. तिने खुर्ची ओढली, बाबांच्या हाताखालची पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोऱ्या बाजूवर, रागातच, पुडीतल्या रेणूचा पहिला षट्कोन काढला.